पोलीस ठाण्यातली घडीची खुर्ची

फोन सकाळी आला. पलीकडे बिशप हाउसचा स्वयंपाकी मायकल होता. तो नुसताच "दीदी… दीदी…" करत राहिला, तेव्हाच मी काय ते समजले. बिशप बावतीस रुमाव गेले. सकाळच्या प्रार्थनेला बसले होते, ते तिथंच. त्याला आता दोनेक महिने होतील. तेवढ्या अवधीत इथल्या, लखनौच्या वर्तमानपत्रांनी त्यांना 'मृदुभाषी संत' करून टाकलं. शोकसभेत बड्या अधिकाऱ्यांनी त्यांच्या शांत, समंजस स्वभावाचे गोडवे गायले, आणि मी मागच्या रांगेत बसून दातओठ खात होते. ज्या माणसाने या जिल्ह्यातल्या वर्दीवाल्यांना घाम फोडला, त्याला मेल्यावर असं गुळगुळीत करून टाकायचं? मला ते मान्य नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमची ओळख हजरतगंजातल्या एका कापडाच्या दुकानात झाली. मी लेकीवर मराठीत डाफरत होते आणि ती मला हिंदीत उलट उत्तरं देत होती. मागून आवाज आला, "बाय, पोरीला ओरडू नका. रंग तिनंच बरा निवडलाय." वळून बघते तर पिकलेली दाढी, साधा बुशशर्ट, पायात चपला. हे लखनौचे बिशप आहेत असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. मूळ वसईचे, केळीच्या वाडीत वाढलेले. नवऱ्याच्या संशोधन संस्थेतल्या नोकरीपायी मी इकडे आले आणि जिल्हा न्यायालयात वकिली करते, हे कळताच त्यांनी तिथल्या तिथं मला एक जामिनाचं काम चिकटवलं. पुढे चर्चमधली रविवारची प्रार्थना, मिस्सा आटोपली की ते आमच्या इंदिरा नगरच्या घरी पिठलं-भाकरी खायला येऊ लागले. वसईहून सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी आली की त्यातला वाटा लेकीसाठी यायचा. ती 'थँक यू, बिशप अंकल' म्हणायची, की हे मुद्दाम तिच्याशी मराठीतच बोलत बसायचे.

त्यांची एक रीत होती, तिचा त्यांच्याच लोकांना फार ताप व्हायचा. राजभवनातल्या चहापानाला हे त्याच बुशशर्टात जायचे. पोलीस ठाण्यात जायचं असलं की मात्र पूर्ण पोशाख… पांढरा झगा, जांभळा कमरपट्टा, छातीवर क्रूस, डोक्यावर जांभळी टोपी. मे महिन्यातल्या लूच्या भाजून काढणाऱ्या वाऱ्यातसुद्धा. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "देवानं मला बनियनवर पाहिलेलं आहे, बाय. हा पोशाख दरोग्यासाठी आहे."

लखनौजवळच्या मलिहाबादचं प्रकरण तर मी डोळ्यांनी पाहिलं. दशहरी आंब्याचा हंगाम तोंडावर होता. एका ठेकेदाराच्या आंब्याच्या बागेत चोरी झाली आणि पोलिसांनी बागेत राबणाऱ्या शकीलला उचलून नेलं. त्याला ना कोर्टात उभं केलं, ना त्याच्या अटकेची कुठे नोंद. त्याची आई नफीसा मिशनच्या दवाखान्यात झाडलोट करायची, ती रडत बिशपांकडे आली. आम्ही तिघं ठाण्यात गेलो. दरोग्याने, म्हणजे तिथल्या फौजदाराने, बिशपांना खुर्ची दिली, मला स्टूल दिलं, आणि नफीसा ठाण्यात शिरताच सवयीने भिंतीशी उकिडवी बसली. बिशपांनी तिला हाताला धरून उठवलं आणि आपल्या खुर्चीवर बसवायला गेले, तर दरोग्याने शिपायाकडून खुर्चीच उचलून नेली. वर म्हणाला, "बिशप साहब, यह आपका आदमी तो है नहीं।"

"तो किसका है?" बिशपांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःची खुर्ची घेऊन आले. चर्चच्या हॉलमधली लोखंडी, घडीची. दरोग्याच्या टेबलासमोर ती उघडून त्यांनी नफीसाला बसवलं आणि स्वतः मागे उभे राहिले. बाई इतकी आखडली होती की खुर्चीच्या अगदी कडेला टेकली होती. हे तिथून हलेनात. बाजारातली माणसं बघायला जमली… झाडूवाली बाई बसलीय आणि लाटसाहेबासारखा दिसणारा पादरी त्या उकाड्यात तिच्या पाठीशी उभा आहे. मी अर्जावर अर्ज देत होते, पण खरं काम ती खुर्ची करत होती. दुपार कलायच्या आत शकीलला दंडाधिकाऱ्यांसमोर हजर केलं. जिवंत सुटला. उजव्या हाताची दोन बोटं मात्र पुन्हा सरळ झाली नाहीत. त्या बोटांचा राग मला अजून आहे.

या सगळ्यावर शाबासकी मिळाली असेल असं वाटत असेल, तर तसं काही नाही. बिशप हाउसच्या फाटकावर दगड पडले. त्यांचे स्वतःचे पाद्री हवालदिल झाले. दिवस कसे आहेत ते बघा, आपल्या शाळा चालल्या आहेत, कशाला वाकड्यात शिरता, असं त्यांना समजावू लागले. बिशपांचं उत्तर मला तोंडपाठ आहे. "शाळा बंद पडली तर परत उघडता येते. पोरगा मेला तर त्याचं काय उघडणार?" हे मृदू भाषण असेल तर असो.

बिशप गेले की कॅथेड्रलमधलं त्यांचं आसन नवा बिशप येईपर्यंत रिकामं ठेवतात, त्यावर कुणी बसत नाही. रिवाजच आहे तो. पण गेल्या पंधरवड्यात नफीसा धापा टाकत माझ्याकडे आली. शकीलला पुन्हा उचललं होतं. तोच दरोगा. पाठीशी उभा राहणारा गेला, एवढाच हिशेब त्यामागे होता. मी बिशप हाउसला गेले, तर नवी नेमणूक होईपर्यंत असल्या भानगडीत पडता येणार नाही, असं मला फार अदबीने सांगण्यात आलं. व्हरांड्यात ती घडीची खुर्ची भिंतीला टेकून उभी होती. मी ती उचलली. मायकलने फाटक उघडलं.

ठाण्यात दरोग्याने आम्हाला बघितलं, खुर्ची बघितली आणि हसला. "वकील साहिबा, बिशप साहब तो अब रहे नहीं।"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात नफीसाने माझ्या हातातून खुर्ची घेतली. खटकन उघडली, त्याच्या टेबलासमोर ठेवली आणि पाठ टेकून ऐसपैस बसली.

"हम तो हैं," ती म्हणाली.

मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. संध्याकाळपर्यंत शकील कोर्टात हजर होता, या वेळी धडधाकट. खुर्ची मी परत मागितली नाही. ती आता मलिहाबादला नफीसाच्या दारात असते. ठाण्यात जायची वेळ आली की लोक तिच्याकडून घेऊन जातात.