बचनागाची साक्ष

समस्त नारायण पेठेतील लहानथोर, आप्तइष्ट आणि विशेषेकरून निंदक मंडळींस जाहीर करण्यात येते की, प्रस्तुत लेखकाने ऐन पौषात, दिवसाउजेडी, पूर्ण शुद्धीवर असताना आणि प्रत्यक्ष मातोश्रींच्या देखत बचनाग खाल्ला. घरात भांडण नव्हते, डोके ठिकाणावर होते. कारण होते ते आतल्या खोलीत तापाने फणफणत पडले होते.

बायको वाघोलीहून, माहेराहून आली ती उघड्या बैलगाडीतून. वाटभर कोरडा, बोचरा वारा. घरी आली तेव्हा बरी होती. दिवे लागले तशी हुडहुडी भरली आणि मग ताप. अंग भट्टीसारखे, घामाचा थेंब नाही, एका कुशीवर ठरेना. आईच्या कानात म्हणाली, "मी यातून उठत नाही." आईने ते माझ्यापर्यंत असे पोचवले : "ताप आहे. बाकी माहेरची हवा उतरतेय."

सुनेने सासूदेखत नवऱ्याशी बोलायचे नाही आणि परक्या पुरुषाशी तर मुळीच नाही, ही आमच्या घरची रीत. त्यामुळे तिचे दुखणे आधी आईकडे जाई, तिथे निवडले-पाखडले जाई आणि उरेल तेवढे बाहेर येई. पहिल्या वैद्याने त्या उरलेल्यावर थंडाव्याचा काढा दिला. ताप चढतच गेला. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे छताला लागले आणि मी पळत जाऊन दुसरा वैद्य आणला.

हा दुसरा वैद्य पेठेत बदनाम होता. ओकणाऱ्याला ओकारीचे औषध देतो आणि भाजलेल्याला शेक घ्यायला सांगतो, अशी त्याची कीर्ती. माणूस तुसडा. दाराआडून पुढे केलेल्या हातावर तिची नाडी पाहिली आणि ओसरीवर बसून आईला विचारले, "ताप कसा आहे?"

"तापासारखा," आई म्हणाली.

"तापाचं नाव मला नको, बाई. नाव सगळ्यांच्या तापाला तेच. हिचा कसा आहे ते सांगा. तहान किती? भीती कशाची वाटते? मुंग्या येतात का, कुठे येतात?"

"सुनेच्या मुंग्या मी वेचत बसू?"

वैद्याने पोतडीतून दोन पुड्या काढल्या. "हा बचनाग."

"हे विष आहे," आई म्हणाली.

"आहे ना. म्हणून तर औषध आहे. निरोगी माणसाचं हे जे करतं, तसंच दुखणं कुणाला आपसूक झालं, तर त्यातून हेच सोडवतं. शरीराची राखण करणारं एक बळ आत असतं, ते दबलंय. त्याला त्याच्याच दुखण्याच्या आवाजात हाक मारायची, पण अगदी हळू. म्हणून खडीसाखरेत घोटायचं, त्यातली चिमूट पुन्हा नव्या साखरेत घोटायची, पुन्हा घोटायची. विष उतरत जातं, हाक उरते." मग त्याने पुडीवर बोट ठेवले. "पण दुखणं हुबेहूब जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर मी औषध दिलं नाही, नुसतं विष दिलं. आणि इथं ती बोलत नाही, तुम्ही सांगत नाही."

तो माझ्याकडे वळला. मी पेठेतल्या देवळात पुराण सांगतो हे त्याला ठाऊक होते. "पहिल्या घोटाईची पुडी यांना देतो. यांना काय होतं ते हे सांगतील, यांचा धंदाच तो आहे. ती आतून ऐकेल. तेच तिला होत असेल, तर तुमच्याकरवी तिनं नुसतं हो म्हणावं. मग शेवटच्या घोटाईची पुडी तिला."

"म्हणजे विष माझ्या लेकाला नि साखर सुनेला," आई म्हणाली. "छान न्याय आहे."

ऊन भिंतीवर चढले होते. दिवे लागले की तिचा ताप पुन्हा उसळणार, आणि रात्रीची तोफ झाल्यावर वैद्याला रस्त्यावर पाऊल टाकता येणार नाही. आत तिच्या बांगड्या थरथरत वाजत होत्या. मी पुडी तोंडात टाकली.

"होतं तेवढंच सांगा," वैद्य म्हणाला. "पुराण नको."

आधी काहीच झाले नाही. मग ओठांवर मुंग्या चालू लागल्या. तसे मी सांगितले. जीभ जड झाली, जणू दुसऱ्या कुणाची तोंडात ठेवली होती. घसा कोरडा पडला. काळीज कानात वाजू लागले. आणि मग भीती आली. देवळात मी नरकाचे वर्णन करून भल्याभल्यांना रडवले आहे. पण ही भीती वर्णनाची नव्हती. ती कशाचीच नव्हती आणि सगळ्याची होती. मी म्हणालो, "आई, मी यातून उठत नाही."

आईने वैद्याचे उपरणे धरले. "मेल्या, काय दिलंस माझ्या लेकाला?"

"तुमच्या सुनेला झालंय असं मला वाटतं, ते."

आतल्या बांगड्या थांबल्या. सगळे घर माझ्या तोंडाकडे कान लावून बसले होते. असे श्रोते मला देवळातही मिळाले नव्हते. आणि देह मरणाच्या दारात असताना माझ्यातला पुराणिक मात्र ठणठणीत निघाला. मी म्हणालो, "आणि पोटात अशी कळ, की आतड्यांचा दोर करून कुणी रस्सीखेच मांडलीय."

पोटात काहीही नव्हते. दुपारची भाकरी होती, तीही शांत होती.

"पोटच," आई म्हणाली. "मी काय सांगत होते? माहेरी गूळपोळ्या हाणल्या असतील."

वैद्याचा हात थबकला. "पोट असेल तर हे औषध नव्हे. हे दिलं तर जीवावर बेतेल." त्याने तिची पुडी पोतडीत ठेवली आणि गाठ मारू लागला.

पोट खोटे आहे, हे ओरडून सांगायला मी तोंड उघडले. जीभ तोवर पुरती बधिर झाली होती. निघाले ते एवढेच : "पो... पो... पो."

"अजून पोटच म्हणतोय," आई म्हणाली.

वैद्याने पागोटे उचलले. मी त्याचे धोतर धरले, मान हलवली, पोटावर थापा मारल्या. त्यावरून त्याचा उलट पुरता विश्वास बसला. तो पायरी उतरला, आणि तेवढ्यात आतल्या दाराशी ती उभी राहिली. चौकट धरून, पदर घसरलेला, सासूसमोर, परक्या पुरुषासमोर.

ती बोलली. त्यावर वैद्य अर्ध्या पायरीवरून परत आला, पोतडी सुटली, आणि पुडी आईने स्वतःच्या हाताने तिच्या जिभेवर ठेवली. दिवे लागायला तिला घाम फुटला. तोफेच्या आधी तिने पेज मागितली आणि कूस न बदलता झोपली. माझी जीभ जागेवर यायला मात्र दुसरा दिवस उजाडला, आणि तेवढी शांतता आमच्या घराने पूर्वी कधी अनुभवली नव्हती. आई त्या पुडीबद्दल आजवर काही बोललेली नाही. सुनेचे ते वाक्य मात्र तिनेच विहिरीवर साऱ्या पेठेला सांगितले, अगदी सुनेच्या आवाजात :

"अहो, पोटाचं पदरचं कशाला घालताय? माझं पोट धड आहे, बाकी सगळं तेच होतंय."