घर पाहून लिहा

“पाह्यलं कोनं?” हे बाईंचं ठरलेलं वाक्य. साहेब जेवायला गेलेत असं सांगितलं तरी त्या हेच विचारायच्या, आणि दारातून साहेबांची रिकामी खुर्ची दाखवली की मगच बाकावर बसायच्या. पावती मिळाली की ती घेऊन व्हरांड्यातल्या उजेडात जायच्या, दोन्ही बाजूंनी न्याहाळायच्या, आणि शिक्का पुसट वाटला तर परत येऊन दुसरा मारून घ्यायच्या. त्यांच्याशी बोलताना आपण काहीतरी लपवतोय की काय, अशी शंका आपल्यालाच येऊ लागे. असं एखादं माणूस तुमच्याही पाहण्यात असेल.

एकोणीसशे सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. मी नागपुरात एका विमा कंपनीच्या काउंटरवर होतो. बाई सरकारी दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होत्या. नवरा लवकर गेलेला, मुलगी लग्न होऊन मौद्याला. रेल्वे लाइनीपलीकडच्या बौद्ध वस्तीत त्यांनी सोसायटीच्या कर्जावर घर बांधलं होतं. कर्ज फिटेपर्यंत घराचा आगीचा विमा उतरवणं भाग होतं, म्हणून दरवर्षी त्या आमच्याकडे प्रीमियम भरायला यायच्या.

त्यांच्यासोबतची एक नर्स प्रताप नगरात, पांढरपेशा वस्तीत राहायची. तिचंही घर तेवढंच, कर्ज त्याच सोसायटीचं आणि विमाही आमच्याच कंपनीचा. तिच्या नातवाच्या बारशाला बायकांच्या गप्पांत प्रीमियमचा विषय निघाला, आणि बाईंना कळलं की ती आपण भरतो त्याच्या जेमतेम निम्मेच भरते. दुसऱ्या दिवशी त्या माझ्यासमोर उभ्या.

मी कागद काढून पाहिले. बाईंचं घर आमच्याकडे मातीच्या भिंतींचं, टिनाच्या छपराचं लिहिलेलं होतं. कच्च्या घराला आगीची भीती जास्त, म्हणून प्रीमियमही जास्त. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, माझं घर विटांचं आहे, वर स्लॅब आहे. मी म्हटलं, इन्स्पेक्टरांनी पाहूनच लिहिलंय.

“पाह्यलं कोनं?”

या वेळी ती सवय नव्हती, प्रश्न होता.

मॅनेजरांनी इन्स्पेक्टरला केबिनमध्ये बोलावलं. मोठा गोडबोल्या माणूस. मी स्वतः गेलो होतो, घर चांगलं आठवतं, असं त्याने सांगितलं. बाई मान हलवत राहिल्या. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं की, त्या दिवशी अंगणातल्या विहिरीचं पाणी तुम्हाला मानवलं ना? तो हसून म्हणाला, अहो, गोड पाणी, तांब्याभर प्यायलो.

बाई मॅनेजरांकडे वळल्या. “माह्या आंगनात विहीर नाही, साहेब. कंदीच नव्हती.”

मग इन्स्पेक्टर दुसऱ्याच कुठल्या घराचं सांगू लागला. मॅनेजरांनी त्याला थांबवलं आणि घर पाहायला मला पाठवलं.

भर उन्हात सायकल मारत मी गेलो. बाईंचा माझ्यावरही भरवसा नव्हता. त्यांनी मला बसायलादेखील सांगितलं नाही. भिंतीचा पोपडा निघाला होता तिथली वीट दाखवली, मग शिडी लावून गच्चीवर नेलं आणि स्लॅबवर पाय आपटायला लावला. वरून सगळी वस्ती दिसत होती. टिनाच्या आणि कवेलूच्या छपरांमध्ये ठिकठिकाणी नवे स्लॅब पडले होते. ही सगळी सोसायटीवाल्यांची घरं, विमाही तुमच्याचकडे, त्यांच्या घरांचं काय लिहिलंय, असं त्यांनी विचारलं. निघण्याआधी मी ते पाहून आलो होतो. त्यांचंही मातीच्या भिंती, टिनाचं छप्पर असंच लिहिलंय, असं मी सांगितलं.

त्यांनी खाली वस्तीकडे पाहिलं. “वस्तीचं नाव आयकून मानूस कसा असन ते ठरवनारे लय पाह्यले गा. घर तरी पाहून लिवा.”

आवाजात राग नव्हता. पेशंटचा ताप सांगावा तसं सांगितलं.

कंपनीने बाईंचे जास्तीचे पैसे परत करायचं ठरवलं. अट एकच, माझी काही तक्रार उरली नाही असं लिहून द्यायचं. बाईंनी पेन हातातही घेतलं नाही. “माह्या एकटीचेच काहून?” एवढंच म्हणाल्या. आपलं तोंड बंद करायचा हा डाव आहे, असा त्यांना संशय होता. मलाही तेच वाटत होतं, पण मी तिथला नोकर.

मग वस्तीतच कुजबुज सुरू झाली. ड्यूटी संपवून ही बाई आपल्यासाठी इतके खेटे का घालते, कंपनीकडून हिला काही मिळत असलं पाहिजे. एका शेजाऱ्याने तर तोंडावरच विचारलं. हे ऐकून मला वाईट वाटलं. बाई म्हणाल्या, विचारलं ते बरं केलं. पुढच्या खेपेला त्या शेजाऱ्याला त्यांनी सोबत आणलं आणि सगळं बोलणं संपेपर्यंत शेजारच्या खुर्चीवर बसवून ठेवलं.

वर्षभर हे चाललं. शेवटी नवा इन्स्पेक्टर आणि मी घरोघर फिरलो, आणि ज्याचे त्याला पैसे परत मिळाले. जुन्या इन्स्पेक्टरची बदली झाली. त्याचा तो नुसता आळस होता की आणखी काही, हे मला आजही ठाऊक नाही. बाईंचा काहीतरी अंदाज होता, पण तो त्यांनी मला कधी सांगितला नाही.

मधल्या काळात माझी मुलगी जन्मली, ती त्यांच्याच वॉर्डात. बाळ माझ्या बायकोच्या कुशीत देण्याआधी बाईंनी त्याच्या मनगटावरची पट्टी वाचली, बायकोच्या हातावरची वाचली, मग पुन्हा बाळाची वाचली. बायको थकून डोळे मिटत होती. तिला हलवून त्या म्हणाल्या, “झोपू नोको वं. आधी पाहून घे, तुहीच आहे ना.” आमचं बाळ त्या दिवशी सगळ्यात सुरक्षित हातांत होतं.

काही वर्षांनी त्यांचं कर्ज फिटलं. तोवर आमची कंपनीही सरकारी झाली होती. आता विमा काढायची सक्ती नव्हती, तरी त्या प्रीमियम भरायला आल्या. आगीची भीती वाटते का, असं मी विचारलं.

“आगीचं काय घेऊन बसले, बाबू,” त्या म्हणाल्या. “सरकारदरबारी कुठंतरी पक्कं घर म्हनून लिवलेलं राहू द्या.”

त्यानंतर त्या दरवर्षी येत राहिल्या. मग एका वर्षी मुदत टळून गेली, तरी आल्या नाहीत. दवाखान्यात चौकशी केली तेव्हा कळलं, मौद्याला मुलीकडे गेल्या असताना तिथेच वारल्या.

एका रविवारी मी त्या बाजूला गेलो. दाराला कुलूप होतं. वर गच्चीवर मात्र शेजारच्या बायका कुरडया घालत होत्या, जुनी लुगडी अंथरून, स्लॅबभर. त्यातल्या एकीने वाकून खाली पाहिलं आणि कोण पाहिजे म्हणून विचारलं.

मी म्हटलं, कोणी नाही. घर पाहायला आलो होतो.