लॉजवरचा रविवार

बीडच्या बसस्टँडमागच्या गल्लीतला तो लॉज मी स्वतःहून निवडला नव्हता. आठ दिवसांचं शिक्षक प्रशिक्षण होतं आणि बरोबरच्या बायका आपापल्या नातेवाइकांकडे उतरल्या होत्या. माझं तिथं कुणी नव्हतं. मॅनेजरनं आधार कार्डाची झेरॉक्स घेतली, एकटी बाईमाणूस म्हणून दोनदा वर-खाली पाहिलं आणि तळमजल्यावरची मागची खोली दिली. "शेजारी पण एक बाईच हायत," तो म्हणाला, "घाबरू नका."

खोलीला खिडकी होती, पण उघडली की हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत. भिंतीवर पोपडे आले होते. नळाला खारं पाणी, गरम पाणी सकाळी एक बादली. चादर धुतलेली होती, तरी तिच्यावर आधीच्या माणसांचा वास होता. दिवसभर स्टँडवरच्या कंडक्टरांच्या हाका ऐकू यायच्या.

शेजारच्या मावशी धारूरकडच्या एका खेड्यातल्या. साठी ओलांडलेल्या, अंगानं जाड, गळ्यात रुमालात बांधलेलं लिंगायतांचं इष्टलिंग. गावात त्यांचं किराणा दुकान. मालकांना, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, मांजरसुंब्याला एसटीतून उतरून रस्ता ओलांडताना मोटारसायकलीनं उडवलं होतं आणि ते इथल्या एका दवाखान्यात आयसीयूत होते. तिथं एकालाच थांबू द्यायचे, म्हणून मुलगा थांबायचा. मावशींचे गुडघे गेलेले. संध्याकाळी तासभर रिक्षानं जाऊन त्या काचेतून बघून यायच्या, बाकी दिवस खोलीत.

आमची ओळख फोनमुळे झाली. त्यांना फोन उचलता यायचा, लावता यायचा नाही. दारात येऊन त्या म्हणायच्या, "बाई, जरा लेकाला लावून द्या." मी लावून द्यायची. मग त्या तिथंच पलंगाच्या कडेला बसायच्या आणि मालकांबद्दल बोलायच्या. "ह्येंच्या बोलन्यात लई चिडचिड. पर एक दिस बी मला टाकून जेवले न्हाईत."

पाचव्या दिवशी रविवार होता. प्रशिक्षणाला सुट्टी. दहाच्या सुमारास मावशी फोन पुढे धरून आल्या. "लेकाचा हाय. तुमाला द्या म्हनतोय. कावून, काय की."

मी फोन कानाला लावला. मुलगा म्हणाला, "ताई, आई जवळ हाय का? बाजूला या."

मी बोळात आले.

"बाबा गेले. नऊ वाजता."

तो पुढे बोलत राहिला. "आईनं कालपासून अन्नाला हात लावला न्हाई. शुगर हाय तिला, गोळ्या चालू हायत. एकदा कळलं का ती दोन दिस पान्याला बी शिवायची न्हाई. तिला दोन घास खाऊ घाला, गोळी द्या. मी कागदं उरकून येतो. तवर सांगू नका, पाया पडतो."

मी हो म्हटलं. त्या वेळी दुसरं काही सुचलंच नाही.

मावशी नुकतीच पूजा उरकून बसल्या होत्या. कपाळाला ताजा विभूतीचा पट्टा होता. "काय म्हनला?"

"यायला उशीर होईल म्हणाला. तुम्ही जेवून घ्या म्हणाला."

"ह्येंचं कसं हाय म्हनला?"

"डॉक्टर आहेत तिथं," मी म्हणाले.

समोरच्या खानावळीतून मी भाकरी आणि मेथीची भाजी आणली. मावशी नको म्हणत होत्या. मी शिक्षिकेच्या आवाजात, पोरांना दटावतात तसं म्हटलं, की तुम्हीच आडव्या पडलात तर त्यांच्याकडे कोण बघणार? हे वाक्य मी उच्चारलं. त्यांना ते पटलं. त्या जेवायला बसल्या. पहिला घास अडला, मग भूक जागी झाली. एक भाकरी खाल्ली, दुसरीतली अर्धी मोडली. "चव हाय भाजीला," म्हणाल्या. "ह्येनला मेथी चालत न्हाई. घरी गेल्यावर पंधरा दिस तरी पथ्याचंच करावं लागंल." मी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला, गोळी दिली. त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होते.

तासाभरानं मुलगा आला, बरोबर त्याचे मामा. दोघं दारात चपला न काढता उभे राहिले. मावशींनी एकदा भावाकडे पाहिलं. गावाहून तो का आला असेल, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

"कवा?" त्यांनी विचारलं.

"सकाळी," मुलगा म्हणाला. "नऊला."

त्या रडल्या नाहीत. खरकटी ताटली अजून पलंगाखाली होती, तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाई, तुमाला ठाऊक व्हतं."

मी होकारार्थी मान हलवली.

भिंतीला धरत त्या मोरीशी गेल्या आणि घशात बोटं घालून ओकायचा प्रयत्न करू लागल्या. मुलगा "आई, गोळीसाठी मीच सांगितलं" म्हणत पाठीवरून हात फिरवत होता. त्यांनी त्याचा हात झटकला. "माझा मालक तिकडं पडलेला," त्या म्हणाल्या, "आन मी हितं चव घेत बसले."

मातीला जायची घाई होती. सामान भरायला मी मदत केली, ओल्या साडीची घडी पिशवीत ठेवली. रिक्षात बसताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दुपारी मॅनेजरनं शेजारची खोली पुसून घेतली आणि संध्याकाळी तिथं कापूस-बियाण्यांचे दोन विक्रेते उतरले. भिंतीपलीकडून त्यांचा टीव्ही ऐकू येत राहिला. खोली बदलून द्या, असं मी मॅनेजरला म्हणाले. तो म्हणाला, दुसरी रिकामी नाही.

निघताना मुलानं माझा नंबर घेतला होता. महिन्याभरानं त्याचा फोन आला. आभार मानायला केला होता. आईची शुगर ताब्यात आहे म्हणाला. मी विचारलं, "मावशींशी बोलू का?"

"थांबा, देतो." मग फोनवर हात ठेवल्याचा दबका आवाज. तरीही मागून मावशींचं "कोन हाय?" स्पष्ट ऐकू आलं. त्यानं हळू आवाजात काहीतरी सांगितलं.

"ताई, आई निजलीय," तो म्हणाला.

"असू दे," मी म्हणाले.