वाळूच्या बाटल्या आणि लोह्याच्या बायका

फिजिओथेरपिस्टकडे गुडघे आणि कंबरा जमतात म्हणे. माझ्याकडे किस्सेच जास्त जमलेत! आमच्या लोहा गावात मी रोज सकाळी पंचेचाळिशी ओलांडलेल्या बायकांचा व्यायाम घेते. पाळी थांबली की हाडं ठिसूळ होतात, स्नायू झिजतात. म्हणून ताकदीचा व्यायाम. डंबेल्स कुठले? पाण्याच्या बाटल्यांत वाळू भरलीय. हसू नका, माझ्या बायका बघा एकदा!

पहिल्याच दिवशी स्क्वॅट शिकवला. म्हटलं, "खुर्चीवर बसल्यासारखं बसायचं, फक्त मागं खुर्ची नाही."

किराणा दुकानवाल्या सुमनबाई फटकन म्हणाल्या, "त्यात काय नवं, म्याडम? सासरी तीस वर्षं कुणी खुर्ची दिली होती!"

त्यांचे मालक, म्हणजे यजमान, एकदा भांडायलाच आले. "घरात काम काय कमी हाय? वरून ह्यो व्यायाम!" मी तोंड उघडायच्या आत सुमनबाईंनी दोन बाटल्या त्यांच्या हातात दिल्या. "धरा. हात खांद्याच्या रेषेत. मी वीस मोजते."

बारा मोजून होताच मालक म्हणाले, "दुकान उघडायचंय!"

नसीमभाभी शिवणकाम करतात. त्यांना तोल सांभाळायला एका पायावर उभं राहायला सांगितलं. त्या ओट्याशी भाकरी थापतानाही तशाच उभ्या! तिसऱ्या दिवशी त्यांच्या सासूबाई माझ्या दारात. "म्याडम, बहू बगळ्यावानी उभी राहून राहिली. नजर लागली का कुणाची?"

मी नीट समजावलं. आठवड्यानं भाभी सांगतात, "आता भिंत धरून सासूबाई बी उभ्या राहतात. ओट्याशी दोन बगळे!"

आणि शांताबाई. शेतकरी घरातल्या, वय छप्पन्न. अंगणात पडून मनगट मोडलं, तपासणीत हाडं विरळ निघाली. माझ्याकडे आल्या तेव्हा जमिनीवरून उठवायला दोघी लागायच्या. पोरांनी एकटीनं शेतात जाणं बंद केलेलं. त्याचंच त्यांना रडू यायचं. दीड वर्ष एक दिवस चुकल्या नाहीत. आता शेतात एकट्या जातात.

परवा मुदखेडला त्यांच्या भाचीच्या लग्नात मलाही बोलावणं होतं. पंगत जमिनीवर. जेवणं झाली आणि शांताबाई हात न टेकता सरळ उठल्या! शेजारी त्यांचे थोरले भाऊ, तरुणपणी तालीम गाजवलेले. दोनदा उठायला गेले, दोनदा परत बसले.

शांताबाईंनी हात दिला, त्यांना उभं केलं आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "दादा, क्लास बायकांचा हाय. पण इचारते म्याडमला!"