रेघेचा जोड

माझा धंदा रेघ वाढवण्याचा आहे. पडद्यावर अदृश्य ब्रश फिरतो आणि रेघ उमटत पुढे जाते, ते मी करते. बघणाऱ्याला वाटतं, कोणीतरी आत्ता काढतंय. खरं तर आम्ही उलटं करतो. आधी अख्खी रेघ काढून ठेवायची. मग तिच्या प्रती करत जायचं आणि प्रत्येक फ्रेममध्ये शेवटाकडून थोडी थोडी खोडायची. सगळी खोडून झाली की फ्रेम्स उलट्या क्रमाने चालवायच्या. दिवसभर खोडत बसायचं आणि लोक म्हणणार, काय सुंदर काढलंय! मला आताशा या कामाचा वीट आलाय.

गेल्या दसऱ्याआधी साकीनाक्याच्या आमच्या स्टुडिओत मुलांच्या एका ॲपची जाहिरात आली. एकाचे आकडे जोडून पाटीवर काढतात ती सरस्वती, आपोआप उमटत जाणारी. तिच्यात वळणं फार. एक संपून दुसरं सुरू होतं तिथे रेघ नेमकी उडी मारायची. शेजारी बसणारी मैत्रीण खुर्ची सरकवून बघायची.

"जोड दिसतोय गं."

"कुठे?"

"हा काय, इथे. परत कर ना यार, नाहीतर वाट लागेल आपली."

मी परत खोडायला बसायचे. मान धरलेली, डोळे चुरचुरत असलेले. त्यात त्या आठवड्यात बाबा जे बोलले होते, ते डोक्यातून जात नव्हतं.

आमच्या वाकोल्याच्या चाळीत दसऱ्याच्या सकाळी सगळी पोरं पाट्या घेऊन बाबांकडे यायची. बाबा एकेकाला सरस्वती काढून द्यायचे आणि वर, "आता वर्षभर अभ्यास नाही केलास तरी चालेल," असं सांगून त्यांच्या आयांच्या शिव्या खायचे. चाळ पाडून इमारत झाली, पोरं पांगली. आमच्या घरातली एक पाटी तेवढी राहिली आणि तिच्यावर दरवर्षी बाबाच काढत आले. आता त्यांना कंपवात आहे. कप उचलला की निम्मा चहा बशीत. त्या दिवशी त्यांनी कपाटावरची पाटी काढून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "यंदापासून तू काढ."

साधं वाक्य, पण मला रागच आला. मी काढायला घेतली की बाबांचा हात गेला, हे घरात कायमचं ठरणार होतं. मला ते ठरवायचं नव्हतं.

मग मी अतिशहाणपणा केला. कामाचा टॅब्लेट घरी आणला. हाताची थरथर गिळून रेघ गुळगुळीत करायची सोय त्यात असते. ती पूर्ण वाढवली आणि पेन बाबांच्या हातात दिलं. हात कापत होता, रेघ मात्र लोण्यासारखी चालली होती, हाताच्या जरा मागून. मी खूश. बाबांनी निम्म्यात पेन खाली ठेवलं.

"ही कोण काढतंय?"

"तुम्हीच की!"

"उगाच काहीतरी सांगू नकोस. माझा हात मला माहीत नाही?"

मी टॅब्लेट पिशवीत भरला.

दसऱ्याला पाटी धुऊन पाटावर ठेवली. झेंडू, आपट्याची पानं, हळदकुंकू, सगळं मांडून झालं. पेन्सिल मी उचलेना, बाबाही उचलेनात. पूजा खोळंबली. शेवटी मीच म्हटलं, "बाबा, सुरुवात तरी तुम्ही करा. मला खरंच कंटाळा आलाय हो रेघांचा."

ते खोटं नव्हतं, म्हणूनच बहुधा त्यांनी ऐकलं. वाकून त्यांनी पहिला एक काढला. रेघ करवतीच्या दातांसारखी. दुसऱ्याला फार वेळ लागला. तिसऱ्याच्या वळणावर हात अडला. त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे धरली. या वेळी मी घेतली. त्यांनी सोडली होती तिथेच टेकवली आणि उरलेली सरस्वती पुरी केली. माझी रेघ सफाईदार, रोजच्या सवयीची.

बाबा चष्मा सावरून बराच वेळ बघत राहिले. मग त्या वळणाकडे बोट दाखवत म्हणाले, "जोड दिसतोय गं."

जोड पुसायला माझं बोट सवयीने पाटीकडे निघालंच होतं. मी ते मागे घेतलं.

"दिसू दे, बाबा," मी म्हटलं आणि कुंकवाचा करंडा त्यांच्यापुढे केला.