एकोणतीस इंचांची काठी

वखारीत बाथरूमच्या दाराची पहिली चौकट जमिनीवर आडवी पडली होती. निकमकाका वाकून तिच्यात एक काठी आडवी बसवू पाहत होते. काठी बसेना.

"मॅडम, कागदावर बाहेर-बाहेर चौतीस इंच हाय. मी चौतीसच कापलंय. टेप लावा," शब्बीरभाई सुतार म्हणाले. मी टेप लावला. चौतीस भरलं.

निकमकाका नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला होते. रिटायर झाल्यावर गंगापूर रोडच्या मागे बंगला बांधायला काढला, तो काकूंसाठी. काकू व्हीलचेअरवर असतात आणि चाकं स्वतःच्या हातांनी फिरवतात. जुन्या फ्लॅटच्या बाथरूमच्या दारात त्यांची बोटं सोलवटायची, म्हणून प्रत्येक वेळी काकांना हाक मारावी लागे. काकूंची मागणी एकच होती, बाथरूमला मी एकटी जाणार. काकांनी काकूंना चाकांवर हात ठेवायला लावून माप घेतलं आणि तेवढी काठी कापून आणली. एकोणतीस इंच.

आम्ही आर्किटेक्ट घराचं मॉडेल कॉम्प्युटरवर बनवतो. त्यात दार एकदाच तयार करायचं, त्याला आम्ही फॅमिली म्हणतो. रुंदी, उंची, चौकटीची जाडी अशी मापांना नावं द्यायची, ते पॅरामीटर. आकडा बदलला की घरातली सगळी दारं बदलतात. मी रुंदी चौतीस दिली होती, चौकट दोन इंची. दोन्ही बाजूंचे दोन-दोन वजा जाऊन तीस इंच मोकळे. काठी आरामात गेली असती.

मग काका म्हणाले, "चौकट भक्कम पाहिजे, तीन इंची सागवान घ्या." मी त्यांच्यासमोर एक आकडा बदलला, पाचही दारं बदलून दाखवली आणि वर म्हटलं, "बघा काका, एका टिचकीत!" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझी 'रुंदी' चौकटीच्या बाहेरच्या कडांना बांधलेली होती. जाड झालेलं लाकूड सरळ आत सरकलं. तीस इंचांचे अठ्ठावीस झाले आणि कागदावर चौतीस तसेच राहिले. फॅमिली तयार झाली की प्रत्येक आकडा फिरवून, म्हणजे कमी-जास्त करून, तपासायचा असतो. मी उंची फिरवली, रुंदी फिरवली, जाडी नाही. एवढ्या वर्षांच्या अनुभवानंतर! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका, चूक माझी आहे," मी म्हटलं.

"ते दिसतंय," काका म्हणाले. "घरी हिला काय सांगू ते बोला."

फळ्यांच्या ढिगावर लॅपटॉप ठेवला. आता मोकळी रुंदी हाच मुख्य पॅरामीटर केला, तीस इंच. बाहेरचं माप त्यावरून निघणार, मोकळी रुंदी अधिक दोन्ही बाजूंची चौकट. जाडी दोन केली, तीन केली, चार केली. तीस हललं नाही. जाडी परत तीनवर आणली.

"म्हणजे छत्तीस," शब्बीरभाई म्हणाले. "मग एवढं तोंड कशाला पाडता? उभी लाकडं हीच चालतील. आडवी तेवढी नवीन कापतो. छोटी झालेली लावू व्हेंटिलेटरला."

आणि भिंती? आमच्याकडे चौकट आधी उभी करतात, वीटकाम नंतर तिला धरून होतं. भिंती अजून उठायच्या होत्या. मी मनातल्या मनात वणीच्या देवीला हात जोडले.

वास्तुशांतीला मी गेले होते. जेवणं झाल्यावर काकू बाथरूमकडे निघाल्या. काका सवयीने उठले.

"बसा हो तुम्ही," काकू म्हणाल्या.

चाकं दारातून सरळ आत गेली. दार लागलं, आतून कडी घातल्याचा आवाज आला. काका उभेच होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, जिलेबी घ्या अजून."

मी दोन घेतल्या. काकांकडून मागून घेतलेली ती काठी आता माझ्या ऑफिसात असते. नवीन मुलं फॅमिली तयार झाली म्हणाली की मी विचारते, जाडी फिरवून पाहिली का?