टॉवेल कोण धरणार

आमच्या गल्लीतल्या प्लंबरला पाण्याची भीती वाटायची. हे मी नव्या माणसाला सांगितलं की तो माझ्याकडे असा बघायचा, जणू म्हातारा पुन्हा पुड्या सोडतोय. आता माझी ख्याती तशी आहे, नाकारत नाही. पण ही पुडी नव्हती. हा गडी दिवसभर लोकांच्या टाक्या, नळ, मोऱ्या नीट करत हिंडायचा आणि स्वतःची अंघोळ करायचा ती फक्त मानेपर्यंत. डोकं ओल्या फडक्याने पुसून घ्यायचा, कानात बाराही महिने कापूस. गल्लीने त्याचं नाव वाळवंटराव पाडलं होतं. कोणी पाडलं ते विचारू नका.

काम मात्र असं, की गळती शोधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. भिंतीला कान लावायचा आणि म्हणायचा, "इथे आहे चोर." पाण्याशी जुनं वैर असल्यासारखा त्याच्या मागे लागायचा.

आणि वैर खरंच जुनं होतं. लहानपणी तो आणि त्याचा धाकटा भाऊ गावाबाहेरच्या बंद पडलेल्या खाणीत साचलेल्या पाण्यावर खेळायला गेले. धाकट्याचा हात याच्या हातात होता, आणि मग नव्हता. हा एकटाच निथळत घरी आला. आई दारात उभी होती. तिने त्याच्या पाठीमागे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मग म्हणाली, "तूच?"

एवढंच. पुढे त्यावर ती कधी काही बोलली नाही, पण तो शब्द तिने परतही घेतला नाही. त्या घरात 'बाळा' म्हणजे धाकटा. तो गेल्यावर ती हाक बंद झाली आणि थोरल्याला उरलं ते नुसतं 'अरे'. अरे, चहा झाला का. अरे, दार लाव. बाई चर्चला यायची बंद झाली. आपली देवाशी बोलाचाली नाही, असं माझ्या बायकोला तिने स्पष्ट सांगितलं होतं.

थोरला मात्र यायचा. शेवटच्या बाकावर, दाराला लागून, चुकून दुसऱ्याच्याच लग्नात शिरलेल्या पाहुण्यासारखा बसायचा, कोणी 'तुम्ही कुणाकडचे' विचारलं की उठून जाता यावं म्हणून. लग्नही केलं नाही. मी दोन चांगली स्थळं आणली होती, तर मलाच म्हणतो, "मास्तर, मी धाकट्याच्या जागेवर बसलेला माणूस. इथे आणखी कुणाला कुठे बसवू?"

मी या मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांचा, शिंपी, म्हणून मास्तर. बाप्तिस्म्याचे पांढरे झगे मीच शिवतो. आमच्याकडे तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करत नाहीत. माणूस मोठा होतो, स्वतःच्या तोंडाने हो म्हणतो आणि व्यासपीठामागच्या कुंडात उतरतो. छातीभर पाणी असतं. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, त्याला मागे रेलवून पुरता पाण्याखाली नेतात, डोक्यासकट, आणि वर काढतात. झगा पाण्यावर फुगून येऊ नये म्हणून मी त्याच्या काठात लोखंडी वायसर, नळाच्या जोडात घालतात त्या चकत्या, शिवतो. ते वायसर वाळवंटरावच आणून द्यायचा. इतक्या वर्षांत इतक्या लोकांच्या झग्यांना त्याने वजन पुरवलं, पण स्वतः झगा घातला नाही.

मग एके वर्षी कुंडच गळायला लागलं. पाळकांनी त्याला बोलावलं. कुंड कोरडं ठणठणीत होतं, म्हणून हा बिनघोर आत उतरला, तळाच्या कोपऱ्यातली पाणी सोडायची जुनी चावी उपटून काढली, नवी पितळी बसवली. ती चावी आतल्या बाजूला बसवणारा शहाणा कोण होता देव जाणे, त्याचा फटका पुढे बसणारच होता. दुपारी तो तिथेच तळाशी बसून पाव खात होता. पाळक आले आणि चांगली इस्त्रीची पँट असताना त्याच्या शेजारी फरशीवर बसले. मी बाजूच्या खोलीत पडद्याआड झगे मोजत होतो. हात कामात होते, कान मोकळे होते.

"तू कुंडाच्या इतका आत कधी आला नव्हतास," पाळक म्हणाले.

"पाणी नाही म्हणून आलो."

"पाणी असताना का नाही?"

पाव चावल्याचा आवाज थांबला. मग तो म्हणाला, "पाळकसाहेब, आमच्या घरात दोघांपैकी एक परत यायचा होता. चुकीचा आला."

"असं कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला पाहिजे?"

"बाबा रे, मला एवढंच ठाऊक आहे, की प्रभूच्या घरात कोणी चुकून उरलेला नसतो. तुला ठेवलंय ते ठेवायचं म्हणून ठेवलंय."

"कशासाठी?"

"ते मला काय माहीत? मी पाळक आहे, मालक नाही. ज्याने ठेवलं त्याला विचार."

आणि या पठ्ठ्याने खरंच विचारायला सुरुवात केली! उपासना संपली तरी बाकावर बसून राहायचा. शेवटच्या बाकावरून सरकत सरकत मधल्या बाकावर आला. विधवा बायकांच्या घरचे नळ न बोलावता बघून यायला लागला. 'कशाला आलास' म्हटलं तर म्हणायचा, "मी उरलोच आहे, तर कामाला लागतो." आणि एक दिवस माझ्या दुकानात येऊन, खाली मान घालून म्हणाला, "मास्तर, माझं माप घ्या."

माझ्या हातातली टेप पडली. बातमी बाहेर जाऊ नये म्हणून मला तोंड दाबूनच ठेवावं लागलं. तरी गल्लीला संध्याकाळपर्यंत कळलंच.

माप घेताना मी विचारलं, "टॉवेल कोण धरणार?" आमची रीत अशी, की कुंडातून वर येणाऱ्याला पायऱ्यांपाशी घरचं माणूस टॉवेलात घेतं.

"आईला विचारलं."

"मग?"

"म्हणाली, मला पाण्याजवळ नेऊ नकोस."

"मग मी धरतो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्या रविवारी दोघांचा बाप्तिस्मा होता. एक हा आणि दुसरी इस्पितळातली एक नर्स. तिच्या घरून कित्येक वर्षं परवानगी नव्हती, ती आता कुठे मिळाली होती, आणि दुपारीच ती नोकरीसाठी परदेशी निघणार होती. सामान चर्चच्या दारातच ठेवलेलं. नळाला पाणी सकाळीच यायचं, दुसऱ्या दिवशीपर्यंत पुन्हा नाही. कुंड वाळवंटरावनेच भरलं. छातीभर. पहिल्यांदा नर्स उतरणार, मग हा.

बाजूच्या खोलीत तो झगा घालून उभा होता. ओठ पांढरे. मी त्याला कानातला कापूस काढायला सांगितला, तर काढून तो त्याने मुठीतच धरून ठेवला.

"अरे, क्षणभराचं काम आहे," मी म्हटलं. "माझ्या बायकोची बोलणी ऐकून घेण्यापेक्षा सोपं."

तो हसला नाही. शेजारी उभी असलेली नर्सच हसली.

बाहेर मंडळीच्या पंचांतले सगळ्यात जुने, आमचे पंचकाका, प्रार्थनेला उभे राहिले. आमच्या पंचकाकांच्या प्रार्थनेत घरी गॅस बंद केला की नाही हे आठवायलाच नव्हे, तर घरी जाऊन बंद करून यायलाही वेळ मिळतो. सगळ्यांनी डोळे मिटले, पाळकांनीही, कुंडाकडे पाठ करून. मी मिटले नाहीत. डोळे मिटून बसलो असतो तर आज तुम्हाला सांगायला माझ्याकडे काय उरलं असतं?

तेवढ्यात गुडगुड ऐकू आली. मला आधी वाटलं, कुणाचं तरी पोट. मग मी पडदा बाजूला केला. कुंडाच्या पायऱ्या सकाळी पाण्याखाली होत्या, त्यातल्या वरच्या उघड्या पडल्या होत्या. ओल्या, काळपट. मी बघत असतानाच आणखी एकीचा काठ दिसायला लागला.

"दादा," नर्स हळूच म्हणाली, "पाणी कमी होतंय का हो?"

वाळवंटरावने पायऱ्यांकडे बघितलं आणि मान फिरवली.

"दादा, आज नाही झालं तर मी परत कधी येणार?"

"मीच सोडलंय," तो म्हणाला. "ताई, मी सकाळी चावी थोडी ढिली ठेवली. तुमचं भरल्या पाण्यात होईल, माझी पाळी येईपर्यंत गुडघ्याला लागेल, मग पाळक मगाने ओततील, असं वाटलं होतं. पण चावी नवी आहे. पाण्याच्या जोराने आपोआप उघडतेय."

नर्सने त्याच्याकडे बघितलं. रागावली नाही. तिच्या कामात भ्यालेली माणसं रोजचीच. "मग बंद करा ना."

"तळाशी आहे."

"पायाने?"

"नाही होत. हातानेच पिळावी लागते. वाकावं लागतं." तो थांबला. "पाण्याच्या खाली."

बाहेर पंचकाका आजारी लोकांपर्यंत आले होते, प्रवासी अजून बाकी होते. मी पाळकांना खूण करायला पाहिजे होती. पण पाळक उतरले असते तरी त्यांना चावीचा कोपरा सापडेपर्यंत अर्धं कुंड गेलं असतं. पाणी कमरेपर्यंत उतरलं होतं.

"मी उतरते," नर्स म्हणाली. "कुठल्या कोपऱ्यात ते सांगा." आणि ती खरंच पहिली पायरी उतरली.

त्याने तिचा हात धरला. घट्ट. त्या हाताकडे तो बघतच राहिला. मला वाटलं, हा आता इथेच कोसळतो. पण त्याने तिला हळूच वर ओढून घेतलं, हात सोडला, आणि म्हणाला, "नाही ताई. हे माझं काम आहे."

एक पायरी. थांबला. दुसरी. पाणी घोट्याला लागलं तसा श्वास एवढा जोरात ओढला, की पहिल्या बाकावरची म्हातारी डोळे मिटूनच 'आमेन' म्हणाली. मांड्या. कंबर. कोपऱ्यापर्यंत चालत गेला. ओठ हलत होते, काय म्हणत होता ते मला ऐकू आलं नाही, आणि कधी नव्हे ते मी नंतर विचारलंही नाही. मग तो वाकला. खांदे गेले. डोकं गेलं.

बुडबुडे आले. मग तेही थांबले.

गुडगुड चालूच होती. मी कठड्याला धरून उभा, हातात टॉवेल. वर का येत नाही? चावी फिरत नसेल? झग्याचा काठ अडकला असेल? मीच तर त्याच्यात वजन शिवलं होतं!

आणि तेव्हा सभागृहाच्या टोकाकडून किंकाळी आली.

"बाळा!"

सगळ्यांचे डोळे उघडले. पंचकाका प्रवाशांच्या मध्यावर अडकले. शेवटच्या बाकाशी, दाराला लागून, त्याच्या जुन्या जागेवर त्याची आई उभी होती. कधी येऊन बसली कुणाला पत्ता नाही. देवाशी बोलाचाली नसलेल्या त्या बाईने प्रार्थनेत डोळे मिटले नव्हते, आणि मुलगा पाण्याखाली गेलेला तिने बघितला होता. काठी टाकून, बाकांना धरत धरत ती मधल्या वाटेने पुढे येत होती. "बाळा! अरे बाळा!"

गुडगुड थांबली. पाणी हललं आणि तो वर आला, खोकत, डोळे लाल, नाकातोंडातून पाणी. हात वर करून म्हणाला, "झाली बंद."

पाळकांनी कुंडाकडे बघितलं, उघड्या पायऱ्यांकडे बघितलं, आणि त्यांना काय समजायचं ते समजलं असावं. पण तो स्वतःच बोलला, सगळ्या मंडळीसमोर, तसाच ओला: "पाणी मी सोडलं होतं. भीतीने."

"आणि बंद कोणी केलं?" पाळकांनी विचारलं.

"मीच."

"मग तिथेच थांब. आधी ताईंचं होऊ दे."

पाणी कमरेपेक्षा कमी होतं. नर्स गुडघ्यांवर बसली, पाळकांनी तिला मागे रेलवलं, आणि ती पुरती खाली जाऊन हसतच वर आली. मग याची पाळी. पाळकांनी विचारलं, विश्वास आहे का. तो म्हणाला, आहे. हा दुसऱ्यांदा पाण्याखाली गेला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर धुतलेला कपडा खळबळून काढावा तसं काहीसं आलं. धंद्याची खोड, दुसरं काय. या वेळी मात्र तो घाबरला नाही. पाळकांच्या हातावर मान सैल सोडली होती.

पण सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. पायऱ्यांपाशी आई पोचली होती. आमच्या मंडळीतल्या जुन्या बायका एकमेकींकडे बघत होत्या, आणि मला ठाऊक होतं त्यांच्या मनात काय आहे, कारण माझ्याही मनात तेच होतं. त्या घरात 'बाळा' म्हणजे धाकटा. मग मघाशी तिने हाक मारली ती कुणाला? पाण्यातून वर आलेल्याला, की न आलेल्याला?

त्यालाही तोच प्रश्न पडला असणार. शेवटच्या पायरीवर येऊन तो थांबला, निथळत. असाच तो मागे एकदा तिच्यासमोर उभा राहिला होता. त्याच्या तोंडावर जे होतं ते बघायला नको म्हणून मी, मी सुद्धा, खाली बघितलं.

तेवढ्यात माझ्या हातातला टॉवेल कोणीतरी हिसकला.

"द्या इकडे, मास्तर." मग त्याला, रागानेच, "मान वाकडी कर."

"काय?"

"मान वाकडी कर म्हणते. कान पुसू दे. पाणी राहिलं की ठणका लागतो आणि रात्रभर रडतोस. तान्हा होतास तेव्हापासूनची खोड. धाकट्याला कधी झालं नाही, तुलाच व्हायचं."

पन्नाशी उलटलेल्या त्या माणसाने मान वाकडी केली. तिने टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळलं आणि आधी उजवा कान पुसायला घेतला, आतपर्यंत, सावकाश, कसलीच घाई नसल्यासारखं.

पियानोवालीने गाण्यासाठी हात उचलले होते. पाळकांनी तिला मानेनेच थांबवलं. अजून डावा कान राहिला होता.